गाव सोडण्याआधीचे कागद

मेहकरचा मजूर पुण्याला किंवा सुरतेला निघतो, तेव्हा बोचक्याआधी कागद बांधावे लागतात. तहसील, तलाठी, शाळा. प्रत्येक खेपेला एक रोज बुडतो. म्हणून कित्येक जण पोरांचे दाखले न काढताच एस.टी.त बसतात. त्यांना सांगा, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे, दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी वा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. रेशनकार्डातून नाव कमी करण्यासाठीही धावू नका. अंत्योदय व प्राधान्य कार्डांवरचे धान्य २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरातेत आणि २०२२ पर्यंत देशभर कोठेही मिळू लागले. थोडे म्हातारीने इथे उचलावे, थोडे पोराने तिथे. आधार मात्र जोडलेले हवे. विटा उचलून घासलेली बोटे यंत्र ओळखत नाही, हे आमचे जुनेच भांडण! तेवढे निघण्यापूर्वी इथल्याच दुकानात तपासून घ्या.