संवादाचे स्वराज्य आणि त्याची राखण



पूर्वी गावकरी पारावर बोलत, तेव्हा पार गावाचा असे. आज ग्रंथालये, भजनी मंडळे, गृहरचना संस्था यांचे बोलणे मोबाइलवर चालते. पण तिथला पार बहुधा दूरच्या कंपनीचा असतो. मग आपला पार आपणच का बांधू नये?

बांधता येतो. ‘मॅट्रिक्स’ ही खुली संवादपद्धती २०१४ साली सुरू झाली. तिचा ‘सिनॅप्स’ हा सर्व्हर कोणालाही विनामूल्य घेता येतो. एक संगणक भाड्याने घ्यावा, स्वतःचे डोमेन-नाव घ्यावे आणि ‘लेट्स एन्क्रिप्ट’चे मोफत प्रमाणपत्र बसवावे. उभारणी जाणत्याला अवघड नाही. खरा प्रश्न राखणीचा आहे, आणि २०१९ च्या एप्रिलने तो दोनदा शिकवला.

फ्रान्स सरकारने आपल्या नोकरवर्गासाठी याच पद्धतीवर ‘चॅप’ ही सेवा काढली. प्रवेश फक्त सरकारी ईमेल-पत्ता असणाऱ्यांना. एका संशोधकाने आपल्या खाजगी पत्त्याच्या शेपटीला राष्ट्रपतिभवनाचा पत्ता जोडला. पहारेकऱ्याने शेपटी पाहून दार उघडले. खातरजमेचे पत्र मात्र खाजगी पत्त्यावर गेले! चूक लगेच सुधारली गेली. बोध हा, की नोंदणी मोकळी ठेवू नये. ओळखीच्या सभासदास निमंत्रण देऊनच घ्यावे.

त्याच महिन्यात मॅट्रिक्सच्या प्रमुख सर्व्हरवरच घरफोडी झाल्याचे उघड झाले. चोर संवादाच्या दारातून आलेच नव्हते. शेजारी ‘जेन्किन्स’ नावाचे दुसरे साधन चालत होते. त्यातील दोष माहीत होता, दुरुस्तीही निघाली होती. ती बसवायची राहिली होती. चोरांचा हात माहितीसाठ्यापर्यंत पोहोचला. टोकापासून टोकापर्यंत सांकेतिक केलेले संदेश मात्र त्यांना वाचता येण्याजोगे नव्हते. पुढे सुरक्षेसाठी सर्वांना बाहेर काढावे लागले, आणि ज्यांनी आपल्या किल्ल्यांची प्रत ठेवली नव्हती, त्यांना स्वतःचेच जुने संदेश वाचता येईनात.

यावरून आम्ही चार गोष्टी सुचवतो. सर्व्हरवर नको ते साधन ठेवू नये. दुरुस्त्या निघताच बसवाव्यात. माहितीची प्रत दुसऱ्या जागी ठेवावी, आणि ती परत उभी राहते की नाही हे मधूनमधून करून पाहावे. व्यवस्थापकाचा प्रवेश नुसत्या परवलीच्या शब्दावर ठेवू नये.

आणखी एक. मजकूर सांकेतिक असला, तरी कोण कोणाशी केव्हा बोलले हे सर्व्हर सांभाळणाऱ्याला दिसते. कंपनीवरचा अविश्वास काढून आपण तो विश्वास शेजाऱ्यावर ठेवीत असतो. म्हणून किल्ल्या दोघांकडे असाव्यात, आणि कोणी काय पाहावे याचा ठराव सभेत व्हावा.

ज्या संस्थेत हे काम नेमाने करणारी दोन माणसे नाहीत, तिने तूर्त पार बांधू नये. ज्या संस्थेत ती आहेत, तिने अवश्य बांधावा.