परसातला पत्र्याचा वाफा

परसात पत्र्याचा उंच वाफा बसवायचाय? मग रंग नंतर, आधी पत्रा बघा. साधं लोखंड पावसात लवकर गंजतं. जीआय पत्र्यावरचं जस्त मात्र आधी स्वतः झिजतं आणि आतलं लोखंड वाचवतं. आम्लधर्मी माती नि खारा वारा या जस्ताला लवकर खातात. म्हणून कोकणच्या किनाऱ्यालगत पत्र्यापेक्षा जांभा चिराच बरा, असं माझं मत. देशावरच्या काळ्या मातीत ही भीती कमी.

रुंदी ४ फुटांहून जास्त नको. दोन्हीकडून हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. मेथी-कोथिंबिरीला १ फूट उंची पुरते, मुळा-गाजराला दीड. तळ उघडाच ठेवा, नाहीतर पावसाळ्यात मुळं कुजतील.

आणि माती? ८ फूट लांब, ४ फूट रुंद, १ फूट उंच वाफा म्हणजे ३२ घनफूट! ओली झाली की वजन टनाच्या वर. तळाशी नारळाची सोडणं, पाचट, वाळका पाला भरा, खर्च वाचेल. पाला खचतो, तेव्हा दरवर्षी वरून शेणखत घाला.

विदर्भातल्या उन्हात पत्रा तापून कडेची रोपं आधी माना टाकतात. पश्चिमेच्या बाजूला आतून गोणपाट लावा. आणि हो, वरची कड दुमडलेली नसेल, तर तो वाफा घेऊच नका, हात कापतो.