मुलगी गाइडमध्ये जाते तेव्हा : खर्चाचे साधे अंदाजपत्रक

(मंडळाच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही बोलणार आहोत ते मुलींच्या गाइड चळवळीबद्दल. 'आम्ही' म्हणजे ज्यांच्या मुली बुलबुल किंवा गाइडमध्ये जातात असे इंदूरच्या आपल्या मंडळातले काही पालक. त्यांच्या वतीने उभा असलेला माणूस सरकारी बांधकाम खात्यातला डिप्लोमाधारक आहे. भाषणापेक्षा अंदाजपत्रकाची सवय जास्त, तेव्हा तसेच बोलू.

गाइड ही आपल्याला परकी गोष्ट नाही. भारतातली गाइडची पहिली कंपनी १९११ साली आपल्याच प्रदेशात, जबलपूरला निघाली. स्वातंत्र्यानंतर १९५० साली भारत स्काउट्स अँड गाइड्स ही संस्था झाली आणि १९५१ मध्ये मुलींची संघटनाही तिच्यात आली. संस्थेचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पचमढीला आहे. जागतिक गाइड संघटनेचे 'संगम' हे केंद्र १९६६ पासून पुण्यात आहे. साधारण दहा वर्षांपर्यंतच्या मुली बुलबुल, त्यापुढे गाइड, आणि मोठ्या झाल्या की रेंजर.

नवे पालक आम्हाला पहिला प्रश्न विचारतात, "फी किती?" आमचा अनुभव असा की फीमुळे मुलगी सहसा थांबत नाही. ती थांबते ती कोणत्याच परिपत्रकात न लिहिलेल्या खर्चामुळे. म्हणून खर्चाचे तीन भाग करावेत : एकदाचा, वर्षभराचा आणि अचानक येणारा.

एकदाचा खर्च म्हणजे गणवेश, स्कार्फ, पट्टा, बूट, बॅज. कॅप्टनताईंची यादी हातात आल्याशिवाय काही घेऊ नये, रंगात फरक पडला तर पैसे वाया जातात. चार घरांनी मिळून शीतलामाता बाजारातून एकदम कापड आणले तर भावही बरा पडतो आणि रंगही एक राहतो. शिंप्याला बाजूच्या शिलाईत आणि खालच्या दुमडीत कापड जास्त ठेवायला सांगावे. या वयात मुली भराभर उंच होतात. उसवून वाढवता आले तर तोच गणवेश आणखी एक वर्ष निघतो.

वर्षभराच्या खर्चात सभासद वर्गणी, वही, गाठी शिकायला दोरी, प्रथमोपचाराचे थोडे सामान येते. खरा खर्च असतो येण्याजाण्याचा. शाळा सुटल्यावर सभा असेल तर शाळेची बस निघून गेलेली असते. समजा, परतीची रिक्षा ५० रुपये आणि वर्षात ३६ सभा, तर झाले १,८०० रुपये. त्याच रिक्षात एकाच वस्तीतल्या तीन मुली बसल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला ६००. शेजारच्या मुलीची चौकशी करणे हाही बचतीचा मार्ग आहे.

अचानक येतो तो शिबिराचा खर्च. पत्रक येते आणि आठवड्यात पैसे भरायचे असतात. महिनाअखेर असली की नोकरदार घरातही ओढाताण होते. महिन्याला १०० रुपये बाजूला टाकले तर वर्षाचे १,२०० होतात. निदान एका छोट्या शिबिराची सोय होते. ताट-वाटी, बॅटरी, पाण्याची बाटली, पांघरूण हे बहुतेक घरात असतेच, नवे घ्यायला धावू नये. पचमढीला जायचे तर पिपरिया स्टेशनवरून पुढे सुमारे ५० किलोमीटर घाट आहे आणि ठिकाण हजार मीटरहून उंच. हिवाळ्यात स्वेटर आणि जाड ब्लँकेट यांत काटकसर नको. आईने मासिक पाळीबद्दल आधी मोकळेपणाने बोलून पॅडची पिशवी वेगळी बांधून द्यावी, पाळी सुरू झाली नसली तरीसुद्धा.

कॅप्टनताईंना शिबिराआधी चार गोष्टी जरूर विचाराव्यात. बरोबर किती शिक्षिका आहेत? मुलींची राहण्याची व स्वच्छतागृहाची सोय कशी? रात्री घरी निरोप कोणाच्या फोनवरून येईल? आणि परत येण्याची वेळ रात्रीची असेल तर मुली कोणाच्या ताब्यात दिल्या जातील? हे विचारल्याने कोणी रागावत नाही.

आता मुख्य मुद्दा. शिबिराचे पत्रक येते आणि मुलगी म्हणते, "मला नाही जायचं, कंटाळा येतो." बारा वर्षांच्या मुलीला घरची चणचण कळते. दादाच्या कोचिंगची फी याच महिन्यात भरली, हे तिने ऐकलेले असते. तिच्या बोलण्यावर आपण लगेच "बरं" म्हणतो आणि विषय संपतो. पण प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान आणि पुढे राज्य पुरस्कार अशा पायऱ्या आहेत, आणि वरच्या चाचण्या शिबिरातच होतात. एक शिबिर चुकले की तिची टोली पुढे जाते, ती मागे राहते आणि हळूहळू येईनाशी होते. तेव्हा तिला एकटीला जवळ बसवून पुन्हा विचारावे, आणि विचारण्याआधी "पैशांचं आम्ही बघू" हे सांगावे. त्यानंतरही नको म्हणाली तर तिची इच्छा.

काही घरांत पैसे खरोखरच नसतात, त्यासाठी मंडळापुढे आमचे तीन प्रस्ताव आहेत. पहिला, गणवेश पेटी : लहान झालेला गणवेश धुऊन, इस्त्री करून कार्यालयात द्यायचा, ज्याला हवा त्याने न्यायचा. दुसरा, परतीची पाळी : प्रत्येक वस्तीतल्या पालकांनी आठवडे वाटून घ्यायचे. निवृत्त आजोबांनी यात हात दिला तर फार बरे होईल. तिसरा, शिबिर निधी : देणाऱ्यांची नावे स्मरणिकेत जरूर छापा, घेणाऱ्यांची मात्र दोनच माणसांना माहीत असावीत, फलकावर कधीही लागू नयेत.

गणपतीचे दहा दिवस मांडवात एक वही ठेवू. एका पानावर देणाऱ्याने आपण काय देणार ते लिहावे. दुसऱ्या पानावर फक्त गणवेशाचे माप आणि मुलीचे वय लिहावे, नाव लिहू नये. अनंत चतुर्दशीनंतर पहिल्या रविवारी आम्ही माप जुळवून गणवेश काढून ठेवू. कार्यालय उघडे असेल तेव्हा येऊन घेऊन जावे.

गणपती बाप्पा मोरया!