जुना कॅमेरा घेताना

म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूर येथे कावेरी आणि कपिला या नद्यांचा संगम होतो. स्फटिक सरोवर ही तिसरी, गुप्त धारा येथे मिळते अशी श्रद्धा आहे. १९८९ पासून तेथे दर तीन वर्षांनी कुंभमेळा भरविण्याची प्रथा पडली. याच तालुक्यात सोमनाथपूरचे होयसळकालीन केशवमंदिर असून २०२३ साली जागतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश झाला. अशा स्थळी जाणाऱ्यास कॅमेऱ्याची ओढ वाटावी, हे स्वाभाविक आहे. परंतु नव्याची किंमत ऐकली की उत्साह ओसरतो आणि मन वापरलेल्या डिजिटल कॅमेऱ्याकडे वळते. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मात्र पारख हवी.

बहुतेक गिऱ्हाईक प्रथम विचारते ते मेगापिक्सेल किती! १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन यांनी बनविलेला पहिला डिजिटल कॅमेरा अवघ्या दहा हजार बिंदूंचे चित्र घेई, आणि ते कॅसेटवर उतरावयास तेवीस सेकंद लागत. २००६ साली आलेल्या निकॉन डी-४० या कॅमेऱ्यात हेच बिंदू साठ लाखांवर गेले होते. एवढ्यांतून दहा इंच लांबीचे सुरेख चित्र छापता येते. घरच्या संग्रहाला याहून अधिक काय हवे? तेव्हा केवळ वयामुळे कॅमेरा टाकाऊ ठरत नाही.

तो अडतो तो सोबतच्या वस्तूंपायी. त्याच्या मापाची बॅटरी आज मिळते काय? चार्जर बरोबर आहे काय? ऑलिंपस व फुजीफिल्मच्या काही जुन्या कॅमेऱ्यांना एक्सडी नावाचे कार्ड लागे. ते आता निघत नाही. २००६ पूर्वीचे अनेक कॅमेरे दोन गिगाबाइटपेक्षा मोठे एसडी कार्ड वाचीत नाहीत. स्वस्तात मिळालेला कॅमेरा या शोधापायी महाग पडतो.

मग भिंग पाहावे. ते उजेडासमोर धरून आरपार न्याहाळले असता कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी समजावी. दमट हवेत कपाटात बंद राहिलेल्या भिंगाला हा रोग जडतो. त्यानंतर छिद्र लहान करून स्वच्छ आकाशाचे एक छायाचित्र घ्यावे. आतील संवेदकावर धूळ असेल तर ती काळ्या डागांच्या रूपाने प्रकट होते. शटरही झिजणारा भाग आहे. काही कॅमेरे त्याच्या उघडझापीचा आकडा चित्राच्या फाइलीतच नोंदवितात. तो विचारून घ्यावा. प्रामाणिक विक्रेता या परीक्षेला हरकत घेत नाही.

आणि मर्यादाही जाणावी. सोमनाथपूरच्या जोत्यावरील हत्ती-घोड्यांच्या रांगा सकाळच्या तिरप्या उन्हात जुना कॅमेराही उत्तम टिपील. पण मंडपातील अंधारात, छताच्या नक्षीकडे तो वळविला की चित्रात रवाळपणा येतो. तेथे ट्रायपॉड हवा, आणि त्यासाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घेतलेली बरी. ज्या मंदिरात मल्लितम्मासारख्या शिल्पकाराने दगडावर आपले नाव कोरून ठेवले, तेथे छायाचित्रकाराने थोडा धीर धरावयास काय हरकत आहे?

जुन्या कॅमेऱ्यातील दोष विकत घेताना सहसा दिसत नाही. तो दिसतो संगमाच्या घाटावर, ऐन स्नानाच्या वेळी. बाजारातील कॅमेरा एका दिवसात बदलता येतो. हुकलेल्या मेळ्यासाठी मात्र तीन वर्षे थांबावे लागते, आणि ज्या वृद्ध आईला आपण स्नानास नेले, ती पुढच्या खेपेस बरोबर असेलच असे नाही. म्हणून कॅमेरा निघण्यापूर्वी महिनाभर तरी घ्यावा, घरच्या अंगणात रोज वापरावा आणि मगच त्याच्यावर विसंबून प्रवासास निघावे.