वैमानिकाचे शिक्षण : खर्च कोणाचा, जोखीम कोणाची?

(वडगाव निंबाळकर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. उसाचा भाव, कालव्याचे आवर्तन, शेतमजुराची मजुरी हे आपले नेहमीचे विषय. त्यांत विमान कोठून आले? परंतु बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या आकाशात शिकाऊ वैमानिकांची लहान विमाने गेली अनेक वर्षे घिरट्या घालीत आहेत. आपली मुले-मुली मान वर करून ती पाहतात. त्यांच्यापैकी कोणी त्या विमानात बसून शिकू शकेल काय, हा प्रश्न मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. माझ्या मते हा प्रश्न विमानविद्येचा कमी आणि अर्थव्यवस्थेचा अधिक आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना केंद्र सरकारचे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. त्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात, भौतिकशास्त्र व गणित घेऊन बारावी उत्तीर्ण व्हावे लागते आणि प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी पार करावी लागते. हवाई नियम, दिशाज्ञान, हवामानशास्त्र आणि विमानाचे तंत्र यांच्या परीक्षा असतात. रेडिओवरील संभाषणाची परीक्षा निराळी. याखेरीज किमान २०० तासांचे प्रत्यक्ष उड्डाण करावे लागते व त्यांतील १०० तास स्वतः विमानाची जबाबदारी घेऊन. यांपैकी कोणतीही अट आपल्या मुलांच्या आवाक्याबाहेरची नाही. मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजीचे दडपण येते हे खरे. पण ते मेहनतीने दूर होते. मेहनतीने दूर न होणारी अट एकच आहे, आणि ती नियमावलीत कोठेही लिहिलेली नाही. ती म्हणजे पैसा.

आज या प्रशिक्षणाला चाळीस ते साठ लाख रुपये लागतात. परवाना हाती आल्यावर विशिष्ट जातीचे मोठे विमान चालविण्याचे शिक्षण घ्यावे लागते; त्याचे पंधरा-वीस लाख निराळे. बँका शैक्षणिक कर्ज देतात. पण सर्वसाधारणपणे साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला स्थावर तारण मागतात. म्हणजे ज्याच्याजवळ बागायती जमीन वा शहरात घर आहे त्यालाच कर्ज मिळणार. ज्याचा बाप दुसऱ्याच्या शेतात ऊस तोडतो, त्याचा विचार बँकेच्या दारातच संपतो. आणि ज्या मध्यम शेतकऱ्याने दोन-तीन एकर गहाण टाकले, त्याने केवळ मुलाच्या शिक्षणाचा खर्च उचलला असे नाही. एका संपूर्ण उद्योगाच्या चढउतारांची जोखीम त्याने आपल्या सातबारावर ओढवून घेतली.

ती जोखीम लहान नाही. किंगफिशर २०१२ साली बंद पडली, जेट एअरवेज २०१९ साली, गो फर्स्ट २०२३ साली. मधल्या काळात २०२० च्या महामारीने विमाने जमिनीवर आणली. अशा प्रत्येक वेळी नवा परवाना घेतलेला तरुण घरी बसला. व्याज मात्र थांबले नाही. दुसरीकडे वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीला हजारो उड्डाणे रद्द करावी लागली. नियमांची पूर्वकल्पना असूनही पुरेशा वैमानिकांची तजवीज झालेली नव्हती. कंपनीला मनुष्यबळ हवे असते, पण ते तयार करण्याचा खर्च नको असतो.

जिवाची जोखीमही आहे. २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात एक शिकाऊ विमान कोसळले; एकटीने उड्डाण करणारी तरुणी सुदैवाने वाचली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात एकाच संस्थेची दोन विमाने चार दिवसांच्या आत कोसळली आणि महासंचालनालयाने त्या संस्थेचे प्रशिक्षण स्थगित केले. २०२५ साली महासंचालनालयाने देशातील उड्डाण-प्रशिक्षण संस्थांची प्रथमच प्रतवारी केली, तेव्हा वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. पन्नास लाख मोजणाऱ्या पालकाला काय मिळते, याचा हा सरकारी दाखला आहे.

आता कोणी म्हणेल, हा खाजगी व्यवहार आहे. वस्तुतः तो तसा नाही. बारामतीची धावपट्टी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९९० नंतरच्या दशकात सार्वजनिक पैशातून उभारली. २००९ साली ती नांदेड, लातूर, उस्मानाबाद व यवतमाळ येथील विमानतळांसह ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका खाजगी उद्योगसमूहाकडे गेली. २०२५ साली ती महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे, म्हणजे पुन्हा सरकारी छत्राखाली आली. जमीन सार्वजनिक, आकाश सार्वजनिक, परवाना देणारी सत्ता सार्वजनिक. दरवाजावरचे तिकीट तेवढे खाजगी!

सरकारने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. १९८५ साली केंद्राने तत्कालीन रायबरेली जिल्ह्यात फुरसतगंज येथे इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी स्थापन केली; पण तेथील शुल्कही आता पंचेचाळीस लाखांच्या घरात आहे. अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत वैमानिक प्रशिक्षणाचा समावेश होता. जुन्या नियमांप्रमाणे अवघ्या देशासाठी वर्षाला दहा जागा. आपल्या राज्यात ‘महाज्योती’ने इतर मागास व भटक्या-विमुक्त समाजांतील वीस विद्यार्थ्यांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबच्या साहाय्याने योजना आखली. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु दहा आणि वीस या आकड्यांनी व्यवस्था बदलत नाही, फार तर अपवाद निर्माण होतात.

येथे एक आक्षेप घेतला जातो व तो गंभीरपणे घ्यायला हवा. वैमानिकाला पुढे लाखांत पगार मिळतो. त्याच्या शिक्षणाचा भार गरीब करदात्याने का उचलावा? आक्षेपात तथ्य आहे. फुकट शिक्षण द्यावे असे माझे म्हणणे नाही. पण फुकट देणे आणि आधी सर्व रक्कम मागणे यांच्या दरम्यान तिसरा मार्ग आहे, आणि तो वडगावकरांना नव्याने सांगायची गरज नाही. आपल्या शिवारातून नीरा डावा कालवा वाहतो. १८८५ च्या सुमारास तो सुरू झाला. तेव्हा शेतकऱ्याला कोणी असे सांगितले नाही की, आधी कालव्याची किंमत भर आणि मग पाणी घे. भांडवल सरकारने घातले. शेतकऱ्याने पीक आल्यावर पाणीपट्टी भरली. परक्या सरकारलाही जो हिशेब कळत होता, तो स्वराज्यात शिक्षणाला लागू करण्यास हरकत कोणती?

समाजवादाचे कडवे विरोधक असलेले अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनीही १९५५ साली हेच मान्य केले होते. माणसाची बुद्धी गहाण ठेवता येत नाही, म्हणून बाजार तिला कर्ज देत नाही. सबब सरकारने खर्च आगाऊ द्यावा आणि पुढील उत्पन्नातून वसूल करावा, अशी त्यांची सूचना होती. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून उच्च शिक्षणात ही पद्धत आणली. तेथे आज वैमानिक प्रशिक्षणालाही असे कर्ज मिळते. उत्पन्न ठरावीक मर्यादेवर गेल्यावरच हप्ता सुरू होतो. नोकरी नसेल, तर वसुली नाही. जोखीम कुटुंबाच्या डोक्यावरून समाजाच्या रुंद खांद्यावर जाते, एवढाच याचा अर्थ.

म्हणून आपल्या मागण्या मोजक्या व स्पष्ट असाव्यात. पहिली, परवाना-प्रशिक्षणासाठी विनातारण कर्ज मिळावे व त्याची फेड उत्पन्नाशी जोडावी. दुसरी, विमान कंपन्यांवर प्रशिक्षण-अधिभार बसवावा. जो तयार वैमानिक वापरतो, त्याने तो घडविण्याच्या खर्चात वाटा उचलावा. तिसरी, सार्वजनिक धावपट्टी वापरणाऱ्या प्रत्येक संस्थेने काही जागा भूमिहीन व अल्पभूधारक घरांतील मुलामुलींसाठी राखाव्यात. चौथी, किती विद्यार्थी दाखल झाले, किती काळात किती जणांना परवाना मिळाला आणि अपघात किती झाले, हे प्रत्येक संस्थेने दरवर्षी जाहीर करावे.

सर्वांनी वैमानिक व्हावे असे कोणी म्हणत नाही. देशाला काही हजारच लागतील. पण ते काही हजार कोणत्या घरांतून यावेत, हे तारणाच्या कागदाने ठरवावे की गुणवत्तेने, हा लोकशाहीचा प्रश्न आहे. यंदा बारावी विज्ञानाला बसलेल्या किती मुलामुलींना ही वाट चालावीशी वाटते आणि त्यांच्या घरी तारण द्यायला काय आहे, याची पाहणी येथील कार्यकर्त्यांनी गावोगाव करावी. ती यादी हाती घेऊन आपण तहसील कचेरीपासून विधिमंडळापर्यंत जाऊ. मागणीमागे माणसे असली म्हणजे तिला वजन येते.