फी भरण्याआधी एक महिना
(तालुका मंडळ्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या वसतिगृहातल्या मुलींबद्दल बोलावे, असे मला सांगण्यात आले आहे. धडगाव, अक्कलकुवा भागातल्या पाड्यांवरून आलेल्या या मुलींना पुढे काय व्हायचे असे विचारले, की बऱ्याच जणी लगेच म्हणतात, "सिस्टर व्हायचंय." आपल्याला आनंद होतो. मंडळ्यांतून वर्गणी जमते, फी भरली जाते, निरोपाची प्रार्थना होते. आणि पाच-सहा महिन्यांनी त्यांतली एखादी आपली पत्र्याची पेटी घेऊन परत येते.

अशा तीन मुली माझ्यासमोर बसून रडल्या आहेत. तिघीही हुशार. एकीने सांगितले, "मला वाटलं होतं सुई द्यायला शिकवतील. पहिल्याच आठवड्यात बेडपॅन उचलायला लावला. रात्री एक म्हातारे वारले, तेव्हा मी एकटी थरथरत उभी होते." या मुलीने त्याआधी नर्स पाहिली होती ती पाड्यावर बाळांना लस द्यायला येणारी. दवाखाना आतून तिने कधी पाहिलाच नव्हता. दोष तिचा नाही. पण आपल्या वर्गणीच्या वर जे पैसे लागले, त्यासाठी तिच्या वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली होती. ती फेडायला सबंध कुटुंबाला गुजरातेत एक हंगाम ऊस तोडावा लागला.

नर्सिंगच्या प्रवेशाला बारावीचे गुण पाहतात, प्रवेश परीक्षा घेतात. रोग्याच्या खाटेजवळ कधी बसलीस का, हे कोणी विचारत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की फी भरण्याआधी हा प्रश्न आपण विचारावा, आणि मुलीला त्याचे उत्तर शोधायला एक महिना द्यावा. बारावीची परीक्षा संपल्यापासून प्रवेश होईपर्यंत तेवढा वेळ नक्की मिळतो.

ही कल्पना नवी नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव आपण सर्व जाणतो. घरच्यांचा विरोध असताना १८५१ मध्ये त्या जर्मनीतल्या कायझरस्वर्थ येथे गेल्या. पाळक थिओडोर फ्लिडनर यांनी १८३६ मध्ये तिथे सेविकांची संस्था आणि दवाखाना सुरू केला होता. तिथे त्या सुमारे तीन महिने राहिल्या, रोग्यांची शुश्रूषा प्रत्यक्ष केली. क्रिमियाचे युद्ध आणि १८६० मधली लंडनची नर्सिंग शाळा, हे सगळे त्यानंतरचे.

मग या एका महिन्यात मुलीने करायचे काय? अंथरूण बदलावे. रोग्याला भरवावे, पाणी पाजावे. ज्याला कुशीवर वळता येत नाही त्याला सिस्टरांबरोबर दर दोन तासांनी वळवावे, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. ताप मोजून लिहावा. हात कसे धुवायचे ते शिकावे. पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या डब्यांत कोणता कचरा जातो ते शिकावे. एक रात्रपाळी पाहावी. आणि रोग्याविषयी ऐकलेली गोष्ट बाहेर बोलायची नाही, हेही शिकावे.

तिने काय करायचे नाही, तेही स्पष्ट सांगते. इंजेक्शन द्यायचे नाही, सलाईनला हात लावायचा नाही, स्वतःच्या मनाने गोळी द्यायची नाही. ती अजून नर्स नाही. आणि फुकटची आया म्हणून तिला कोणी राबवायचे नाही.

मागच्या उन्हाळ्यात आपण दोन मुलींना असे पाठवले. पहिली पावरा समाजातली. वॉर्डात एक आजी होत्या, काहीही विचारले तरी "हो" म्हणायच्या. गोळ्या घेता का? हो. तरी गुण येत नव्हता. या मुलीने जवळ बसून पावरीत विचारले तेव्हा कळले, की जेवणानंतर तीन वेळा गोळी घ्या असे सांगितले होते, आणि घरी आजी एकदाच जेवत होत्या. डॉक्टरांनी औषध बदलून दिले. ती मुलगी मला म्हणाली, "ताई, माझी भाषा इथे कामाला येते." शाळेत ज्या भाषेसाठी तिला हसत असत, तीच ही भाषा. आज ती जीएनएमच्या पहिल्या वर्षाला आहे. तीन वर्षांचा अभ्यास आहे, इंग्रजी जड जाते, पण आपण कुठे आलो आहोत हे तिला माहीत आहे.

दुसरीने वीस दिवसांनी सांगितले, "मला हे नको." ती आता शिक्षिकेचा कोर्स करते आहे. तिच्यासाठी कोणी कर्ज काढले नाही, तिला कोणी हसले नाही. तिचा महिना वाया गेला असे कृपा करून समजू नका.

रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिची ओळख करून देतो. तिचा स्वीकार करा आणि तिला लागेल ती मदत करा, अशी विनंती तो मंडळीला करतो. तशाच तीन विनंत्या मी करते.

आपल्यात जे डॉक्टर, सिस्टर, निवृत्त मेट्रन आहेत, त्यांनी एकेका मुलीला चार आठवडे आपल्या देखरेखीखाली घ्यावे. शहरातल्या कुटुंबांनी तिला महिनाभर घरात ठेवून घ्यावे, पाहुणी म्हणून नव्हे, लेक म्हणून. आणि देणगीदारांनी बसभाडे, जेवण, पायातले बूट यांबरोबर दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक म्हणजे हिपॅटायटिस बीची लस. तिचे तीन डोस सहा महिन्यांत पूर्ण होतात, म्हणून सुरुवात बारावीच्या दिवाळीच्या सुमारासच करावी लागते. दुसरी म्हणजे त्या महिन्यात बुडणारी तिची मजुरी. ती घरी पोचली नाही, तर बाप मुलीला पाठवणार नाही, आणि त्याला नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

आदिवासी भागात तीन हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र असावे, असा सरकारी निकष आहे. आपल्या मुलींपैकी कोणी तरी उद्या अशा उपकेंद्रात रात्री एकटी असेल आणि दारात बाळंतीण येईल. त्या रात्रीची तयारी या उन्हाळ्यापासून सुरू व्हावी. यंदा बारावीला आपल्या पाच मुली आहेत. त्यांच्यासाठी पाच वॉर्ड आणि पाच घरे हवी आहेत. सभा संपल्यावर मी दाराजवळ वही घेऊन बसणार आहे. नाव लिहूनच घरी जा.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.