हृदयरोग आणि घरचे पान

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त पणजी येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दी सोहळ्यात हृदयविकाराचा विषय यावा, हे काहींना अनपेक्षित वाटेल. परंतु या विषयाशी मराठी वाचकाचा परिचय जुना आहे आणि तो एका ग्रंथामुळेच झालेला आहे. गडचिरोलीत आदिवासींच्या आरोग्यासाठी कार्य करणारे डॉ. अभय बंग यांना १९९५ साली, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. त्या अनुभवावरचे त्यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक २००० साली राजहंस प्रकाशनाने प्रसिद्ध केले. इतरांच्या आरोग्याची चिंता वाहणाऱ्या एका डॉक्टराने आपल्या रोगाची कारणे आपल्याच दिनक्रमात शोधावीत आणि आहार, चालणे, योग व ध्यान यांच्या साहाय्याने तो दिनक्रम पालटावा, ही गोष्ट वाचकांच्या मनाला भिडली. तेव्हापासून अनेक घरांत एक प्रश्न विचारला जातो : आहारविहार बदलून हा रोग खरोखर हटतो काय? आणि हटत असेल, तर औषधे कशाला घ्यायची?

प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर आशादायक आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र सावधपणे द्यावे लागते.

हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांना कोरोनरी रोहिण्या म्हणतात. त्यांच्या आतल्या अस्तरात वर्षानुवर्षे कोलेस्टेरॉलयुक्त चरबी साचत जाते आणि रक्ताचा मार्ग अरुंद होतो. श्रम करताना छातीत कळ येते ती यामुळे. झटक्याची तऱ्हा बहुधा निराळी असते. चरबीच्या थरावरचे पातळ आवरण एकाएकी फाटते, तेथे रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद पडते. म्हणजे थर किती जाड आहे एवढेच पाहून भागत नाही, तो किती नाजूक आहे हेही महत्त्वाचे ठरते. धूम्रपान, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल यांनी थर वाढतो आणि नाजूकही होतो.

अमेरिकेतील डॉ. डीन ऑर्निश यांनी १९९० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपल्या प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. ४८ रुग्णांपैकी २८ जणांना अत्यल्प स्निग्धांशाचा शाकाहार, बेताचा व्यायाम, योगासने व ध्यान, धूम्रपानत्याग आणि परस्परांचा आधार देणाऱ्या गटबैठका असा कार्यक्रम दिला गेला. उरलेल्या २० जणांचे नेहमीचे उपचार चालू राहिले. वर्षअखेर पहिल्या गटातील रोहिण्यांचा सरासरी अडथळा ४० टक्क्यांवरून ३७.८ टक्क्यांवर आला, तर दुसऱ्या गटातील अडथळा ४२.७ वरून ४६.१ टक्क्यांवर गेला. आकड्यांतील फरक अल्प दिसतो. परंतु पहिल्या गटातील छातीत कळ येण्याचे प्रमाण ९१ टक्क्यांनी घटले. मार्ग थोडासाच रुंदावला असताना वेदना इतकी कमी व्हावी, याचे कारण असे की रोहिणी ही लोखंडी नळी नव्हे. ती जिवंत असते, आकुंचन-प्रसरण पावते, आणि तिचे अस्तर सुधारले की गरजेप्रमाणे अधिक रक्त वाहून नेऊ लागते.

तथापि हा प्रयोग लहान होता आणि त्यातील पथ्य अतिशय कडक होते. त्यात अनेक गोष्टी एकदम बदललेल्या असल्याने श्रेय कोणत्या एकीला द्यावे, हे सांगता येत नाही. म्हणून फ्रान्समधील ल्यों येथील प्रयोगही लक्षात घ्यावा. तेथे एक झटका येऊन गेलेल्या ६०५ रुग्णांपैकी निम्म्यांना भाजीपाला, फळे, कडधान्ये, मासे व योग्य तेले असा भूमध्यसागरी धर्तीचा आहार सांगितला गेला. त्यांच्यातील हृदयविकाराचे मृत्यू आणि नवे झटके सुमारे ७० टक्क्यांनी घटले. दोन्ही गटांतील कोलेस्टेरॉलच्या आकड्यांत फारसा फरक नसतानाही हे घडले. आणि या रुग्णांनी औषधे सोडलेली नव्हती, हे विसरता कामा नये.

पुढे २००७ साली आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांनी दाखवून दिले की, रोग स्थिर असलेल्या बहुतेक रुग्णांत औषधे व जीवनशैलीतील बदल यांना अँजिओप्लास्टीची जोड दिल्याने छातीतील कळ कमी होते, पण आयुष्य वाढते असे नाही. झटका प्रत्यक्ष आलेला असताना मात्र गोष्ट वेगळी. त्या वेळी बंद रोहिणी तातडीने उघडणे हाच उपचार होय. तेव्हा ना आहार कामाचा, ना ध्यान. बांबोळीच्या रुग्णालयात शक्य तितक्या लवकर पोहोचणे हेच कामाचे.

आता गोमंतकाकडे वळू. पेडणे आणि डिचोली महालांतील शेतकऱ्याचे जुने जेवण म्हणजे उकड्या तांदळाची पेज, नाचणी, कुळीथ, अळसांदे, तांबडी भाजी, बांगडे-तारल्यांचे हुमण आणि वर सोलकढी. यात तंतू आहेत, कडधान्ये आहेत आणि हृदयाला हितकर असे माशांतील मेदही आहेत. परंतु ‘जुने ते सोने’ म्हणून निश्चिंत होणे बरे नव्हे. त्याच पानात खारे मासे होते, लोणच्याची फोड होती आणि खोबरेलही होते. खोबरेलात सुमारे नव्वद टक्के मेद संपृक्त प्रकारचा असतो आणि तो कोलेस्टेरॉल वाढवतो. मिठाची मर्यादा तर जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला पाच ग्रॅमच सांगितली आहे.

त्याहून मोठा फरक श्रमाचा आहे. वायंगण शेतीत आणि कुळागरात दिवसभर राबणारा माणूस ती पेज पचवीत असे. त्याचा मुलगा खाणीवरच्या ट्रकवर बसला, नातू स्कूटरवरून पणजीला कचेरीत येऊ लागला. पान बरेचसे तेच राहिले, उलट त्यात मैद्याचा पाव, फरसाण आणि तळलेले पदार्थ यांची भर पडली. घाम मात्र थांबला. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षे आधी येतो असे आढळले, त्याचे बरेचसे कारण या अशा बदलांत आहे.

मग करावे काय? हुमण सोडू नये, त्यातील नारळाचा रस कमी करावा. मासा तळण्याऐवजी कालवणात घालावा. मैद्याच्या पावाऐवजी कोंड्याची पोयी घ्यावी. भाताचा ढीग कमी करून कडधान्य आणि पालेभाजी वाढवावी. रोज अर्धा तास भरभर चालावे, मात्र झटका येऊन गेलेल्यांनी वैद्यांना विचारून. विडी-सिगारेट पूर्ण बंद करावी. ती सोडल्यावर वर्षभरातच तिच्यामुळे वाढलेला धोका सुमारे निम्म्याने उतरतो. आणि ठरलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नयेत. बरे वाटते म्हणून गोळी सोडणे म्हणजे, पाऊस लागत नाही म्हणून आपल्याच घराचे छप्पर काढणे होय.

शेवटी एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगावयाची आहे. पथ्य हे एकट्या रुग्णाचे नसते. घरात एकासाठी वेगळी भाजी शिजू लागली की तो महिन्याभरात कंटाळतो. आणि ती वेगळी भाजी शिजवणारी गृहिणी स्वतः सर्वांच्या मागून, उरलेसुरले खाऊन उठते. हृदयरोग तिलाही होतो. तिला पुष्कळदा छातीतल्या कळेऐवजी धाप, थकवा किंवा मळमळ जाणवते आणि घरचे लोक त्याला पित्त म्हणून सोडून देतात. म्हणून संपूर्ण घराचे पान एकच असावे, आणि ते सर्वांनी एकत्र बसून जेवावे. ऑर्निश यांच्या कार्यक्रमात गटबैठका होत्या. आपल्याकडे ते काम घरच्या पंक्तीला करता येईल.

या ग्रंथालयाने शंभर वर्षे पुरी केली, ती अनेक पिढ्यांनी नेमाने केलेल्या लहानसहान कामांच्या बळावर. हृदयाचे आरोग्यही तसेच राखावे लागते. सर्व सभासदांना निरामय दीर्घायुष्य लाभो, ही शुभेच्छा.